सिनेमाची सबसिडी: इंदूर ते भोपाळ, फाइलसकट

सबसिडीचे पैसे जानेवारीत खात्यात आले आणि तेव्हापासून ओळखीचे-बिनओळखीचे सगळे फोन करून एकच विचारतात, ताई खरंच देतात का हो? देतात. राज्यात शूट केलेल्या सिनेमाला मध्य प्रदेश सरकार देतं, कुणाचे हात ओले न करता मिळते, पण मिळते ती खर्च करून झाल्यावर, आणि ती अर्जावर ठरत नाही, शूटिंगच्या दिवसांत संध्याकाळी कोण बसून व्हाउचर लिहितंय त्यावर ठरते. हे मला आधी कुणी नीट सांगितलं असतं तर बराच जीव वाचला असता, म्हणून लिहितेय.

मी सिनेमावाली नाही. अकाउंट्सवाली आहे, इंदूरच्याच फॅक्टऱ्यांची पुस्तकं लिहिण्यात पंधरा-वीस वर्षं गेली. माझा मामेभाऊ पुण्यात सिनेमात असतो, त्याने 2023च्या मे महिन्यात घरी येऊन सांगितलं की मराठी सिनेमा करतोय, गोष्ट इंदूर-महेश्वरची आहे, तू पैशाचं बघ. होळकरांच्या गावात मराठी सिनेमा, म्हणजे घरातले सगळे आधीच विरघळलेले. आई म्हणाली बघ ना गं जरा त्याचं. झालं.

बजेट सव्वा कोटीच्या आत. त्यातला काही भाग पुण्याच्या सहनिर्मात्यांचा (त्यांनी आधी सिनेमे केलेले होते म्हणून सगळं त्यांच्या फर्मच्या नावाने चाललं), काही नातेवाइकांकडून व्याजाने घेतलेला. आणि एक्सेल शीटच्या शेवटच्या ओळीत भावाने लिहिलं होतं 'एमपी सबसिडी 30 लाख'. जमेच्या बाजूला! मी ती ओळ पहिल्याच दिवशी पुसली. ज्या पैशाने जेवणावळीचं बिल भागवता येत नाही तो पैसा बजेटमध्ये धरायचा नसतो, सबसिडी ही शेवटी परतफेड आहे. सिनेमा आपल्याच पैशाने पूर्ण करावा लागतो.

मग पॉलिसी वाचायला घेतली. तेव्हा 2020ची फिल्म टुरिझम पॉलिसी चालू होती, काम बघतो तो टुरिझम बोर्डाचा फिल्म फॅसिलिटेशन सेल, भोपाळला. ज्या महाराष्ट्रातल्या मंडळींना तिकडचं अनुदान माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते, हे त्याच्यासारखं नाही. तिकडे समिती सिनेमा बघते, गुण देते, अ दर्जा आला तर 40 लाख, ब दर्जा आला तर 30 लाख. इकडे तुमचा सिनेमा किती चांगला यावर पैसे नाहीत, राज्यात किती दिवस शूट केलं आणि किती खर्च केला यावर आहेत. तेव्हाचा नियम असा होता, एकूण शूटिंगच्या दिवसांपैकी निदान 50 टक्के मध्य प्रदेशात असतील तर खर्चाच्या 25 टक्के किंवा 1 कोटी, जे कमी असेल ते. 75 टक्के दिवस असतील तर तेच 25 टक्के पण मर्यादा दीड कोटी.

आता यात गंमत बघा. भाऊ आणि त्याचा असिस्टंट दोघंही त्या 75च्या मागे लागलेले, पुण्याचे सगळे सीन इंदूरला हलवायचे, पुण्यातल्या वाड्याचा सीन रामबागेतल्या एखाद्या जुन्या घरात घ्यायचा वगैरे. मी विचारलं टक्के वाढतायत का? नाही, टक्के दोन्हीकडे 25च. वाढते ती फक्त वरची मर्यादा. आणि 1 कोटीची मर्यादा आड यायला मान्य खर्च 4 कोटी लागतो. आपला सिनेमा सव्वा कोटीचा! म्हणजे आपल्यासाठी 50ची रेघ ओलांडली की काम झालं, 75चा आपल्याशी काही संबंधच नाही. दोघं जरा वेळ गप्प बसले आणि मग पुण्याचे सीन पुण्यातच झाले, सिनेमाला बरंही वाटलं. छोट्या बजेटवाल्यांनी एवढं गणित आधी करा. सबसिडीसाठी पटकथा वाकवणारे लोक मी नंतर बघितले, त्यात बऱ्याचदा वाकवायची गरजच नसते.

दुसरं गणित जीएसटीचं, आणि हे खरंच कुणी सांगत नाही. फर्म पुण्याची, म्हणजे जीएसटी नंबर महाराष्ट्राचा. हॉटेलचा नियम असा की हॉटेल ज्या राज्यात आहे तिथलाच कर लागतो, सीजीएसटी आणि मध्य प्रदेशचा एसजीएसटी, आणि त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेला कर आपल्या करातून वजा करून घेणं, महाराष्ट्राच्या नंबरावर मिळत नाही. युनिटचं राहणं हा आमचा मोठा खर्च होता. मग सीए म्हणाला इंदूरचं वेगळं रजिस्ट्रेशन घ्या. त्यासाठी माझ्या घराची एक खोली फर्मला भाड्याने दिली असा करार, वीजबिल, माझं संमतीपत्र, हे सगळं अपलोड करून नंबर आला. आता माझ्या दारावर फर्मच्या नावाची पाटी आहे, दूधवाला विचारतो इथे शूटिंग कधी.

नंबर आल्या आल्या मी एक काम केलं ते सांगते. फर्मचं नाव, इंदूरचा पत्ता, जीएसटी नंबर असा मजकूर एका कार्डावर छापून युनिटमधल्या ज्याच्या-ज्याच्या हातून पैसे सुटतात त्या प्रत्येकाच्या खिशात घातला. आर्टवाला, ट्रान्सपोर्टवाला, प्रॉडक्शनची पोरं. बिल मागताना तोंडाने नाव सांगायचं नाही, कार्ड द्यायचं. इंदूरमधला दुकानदार फार प्रेमळ असतो, 'अरे भिया क्या नाम लिखूं' म्हणून विचारतो आणि समोरच्याचं नाव टाकून मोकळा होतो, आणि डायरेक्टरच्या नावाचं बिल फर्मच्या खर्चात धरत नाहीत.

ऑगस्टमध्ये परवानगीचा अर्ज केला. सगळं ऑनलाइन पोर्टलवर आहे, कथासार, पटकथा, लोकेशनची यादी तारखांसकट, युनिटची यादी, फर्मची कागदपत्रं, टायटल रजिस्ट्रेशन. परवानगीचं काम राज्याच्या लोकसेवा गारंटी कायद्यात घातलेलं आहे म्हणजे मुदतीत उत्तर यायलाच हवं, आणि आलंही. जिल्हा बदलला की कारभार बदलतो हे मात्र लक्षात ठेवा. आपण इंदूरहून सकाळी निघून पोहे खाऊन महेश्वरला पोचतो त्यामुळे ते आपल्याच अंगणात वाटतं, पण महेश्वर खरगोन जिल्ह्यात आहे, तिथलं प्रशासन वेगळं, पोलीस वेगळे, घाटासाठी नगर परिषद वेगळी. भोपाळचं परवानगीपत्र हातात असलं तरी स्थानिक ठाण्यात आधी जाऊन बसायचं, प्रत द्यायची, साहेबांचा नंबर घ्यायचा. कुणी अडवलं नाही. उलट सेटवर सगळ्यात उत्साही माणसं पोलीसच असतात.

मांडूचा एक सीन होता, जहाज महालासमोर. तो गळाला. केंद्राच्या संरक्षित वास्तूत शूट करायचं तर 1958च्या कायद्याखाली पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी, वेगळी फी, वेगळं डिपॉझिट, राज्याचं सिंगल विंडो, म्हणजे एकखिडकी पोर्टल, तिथे चालत नाही. ग्वाल्हेरच्या किल्ल्याचं पण तसंच. भाऊ दोन दिवस रुसला आणि मग तो सीन महेश्वरला नदीकाठी लिहिला.

शेळीचं सांगते. गोष्टीत एक शेळी आहे, घाटाच्या पायऱ्यांवरून उतरते, बस्स. एवढ्यासाठी ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची शूटिंगआधी परवानगी, बोर्डाचं ऑफिस हरियाणात बल्लभगडला, सोबत शेळीच्या तब्येतीचं जनावरांच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट, मालकाचं संमतीपत्र, शेळी काय-काय करणार याचं वर्णन. मी लिहिलं, 'शेळी पायऱ्या उतरते आणि पाला खाते'. शूटनंतर पुन्हा फुटेज पाठवायचं आणि मगच ते पत्र मिळतं जे सेन्सॉरला जोडावं लागतं. शेळीच्या मालक काकू हसून-हसून बेजार, म्हणाल्या आमच्या पोराचं जातीचं सर्टिफिकेट अजून झालं नाही आणि हिचं झालं. पण हे करा. फ्रेममध्ये नुसती बांधलेली गाय असली तरी आधी विचारून घ्या, सेन्सॉरच्या टेबलावर सिनेमा अडकला की पुढची सबसिडीची फाइलही अडकते.

ड्रोन इंदूर शहरात उडवला नाही. 2021च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या आसपासच्या भागात परवानगीशिवाय जमिनीवरून उचलायचं पण नाही, आणि आपला विमानतळ शहराला किती चिकटलेला आहे ते सगळ्यांना माहीत आहे. महेश्वरला डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलच्या ड्रोन नकाशात बघून, तिथल्या पोलिसांना सांगून उडवला. राजवाड्याचा रात्रीचा शॉट समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून घेतला, फुकट पडला आणि छान आला.

शूट नोव्हेंबरच्या शेवटी सुरू झालं. दिवाळीनंतरच ठेवलं कारण गणपतीत नाटकं करणारी आमची इकडची मंडळी बरीचशी कलाकार म्हणून होती आणि दिवाळीत कुणी घर सोडत नाही.

त्या दिवसांत माझं काम संध्याकाळी सहाला सुरू व्हायचं. कॉल शीट (कुणी, कुठे, किती वाजता यायचं याचा कागद) आणि डीपीआर, म्हणजे रोजचा प्रॉडक्शन रिपोर्ट, यांना युनिटमध्ये कुणी भाव देत नाही, असिस्टंट व्हॉट्सॲपवर काहीतरी टाकतो आणि झोपतो. पण 'आम्ही अमुक दिवशी मध्य प्रदेशात शूट केलं' याचा पुरावा हाच आहे. मी रोज प्रिंट काढून पहिला शॉट किती वाजता, पॅकअप किती वाजता, लोकेशन काय, हजर कोण, असं लिहून डायरेक्टर आणि प्रॉडक्शन मॅनेजरची सही घ्यायची, सोबत त्या दिवशीचा सेटवरचा एक तारीख असलेला फोटो. पोरं मला हेडबाई म्हणायला लागली.

पैशाचं म्हणाल तर रोखीला शक्य तितका हात लावू नका. इन्कम टॅक्सचा नियम असा की एका माणसाला एका दिवसात 10 हजारांच्या वर रोख दिले तर तो खर्चच धरत नाहीत, आणि जो खर्च टॅक्समध्ये धरत नाहीत तो सबसिडीच्या हिशोबात सीए तरी कसा सही करून देणार. महेश्वरचे नावाडी, फुलवाल्या बायका, गर्दीतली माणसं यांच्याकडे बिलबुक नसतं, त्यांना फर्मच्या खात्यातून यूपीआय केलं आणि व्हाउचरवर नाव, काम, सही. फर्मच्या खात्यातून हा शब्द महत्त्वाचा, प्रॉडक्शनच्या पोराच्या स्वतःच्या फोनवरून गेलेले पैसे नंतर सिद्ध करता-करता नाकी नऊ येतात. केटरर कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत होता, तो टॅक्स इन्व्हॉइस देऊ शकत नाही, बिल ऑफ सप्लाय देतो, ते चालतं, घाबरू नका. कलाकार आणि टेक्निशियनचे 10 टक्के टीडीएस कापले तेव्हा थोडी नाराजी झाली. एक ज्येष्ठ नट, माझ्या वडिलांच्या ओळखीचे, म्हणाले बेटा आमचे दहा टक्के का गं खाल्ले? काका रिटर्न भरा, परत मिळतील म्हटलं, आणि त्यांचा रिटर्न मीच भरून दिला.

जनरेटरवाल्याचं बिल मात्र शेवटपर्यंत आलं नाही. माणूस चांगला, जनरेटर चांगला, पैसे बँकेने गेलेले, पण बिल 'कल देता हूं मॅडम' वर अडकलं ते अडकलंच. ती रक्कम आमच्या क्लेममधून गेली. यातून मी जे करायला लागले ते असं की शेवटचा हप्ता बिल हातात आल्यावरच, आणि हे ॲडव्हान्स देतानाच सांगायचं.

मार्च संपला की आणखी एक फॉर्म, आमच्या वेळी त्याचा नंबर 52ए होता. सिनेमा करणाऱ्याने 50 हजारांच्या वर ज्यांना-ज्यांना पैसे दिले त्यांची यादी आयकर खात्याला द्यायची असते, वर्ष संपल्यावर 60 दिवसांत. तो आम्ही भरला, त्याचा फायदा असा झाला की सबसिडीच्या क्लेमची अर्धी यादी तिथेच तयार मिळाली.

2024चा उन्हाळा एडिटिंगमध्ये गेला. सेन्सॉरचा अर्ज त्यांच्या ई-सिनेप्रमाण पोर्टलवर, सिनेमा मुंबई ऑफिसने बघितला, शेळीचं पत्र जोडलेलं होतं, तंबाखूच्या सूचना घातलेल्या होत्या, दोन शब्द म्यूट करायला सांगितले. सर्टिफिकेट ऑगस्टमध्ये. ऑक्टोबरात सिनेमा लागला, पुणे-मुंबईत थोडे शो, इंदूरला रविवार सकाळचे. इंदूरचे भरले, बाकीचं विचारू नका. लागल्याचे पुरावे ठेवले, थिएटरची पत्रं, शोच्या वेळापत्रकाचे कागद, पेपरातल्या जाहिराती. सिनेमाच्या सुरुवातीला एमपी टुरिझमचे आभार आणि लोगो होताच, तो विसरू नका, प्रिंट लॉक झाल्यावर घालायला गेलं तर पुन्हा खर्च.

क्लेमची फाइल डिसेंबरमध्ये दिली. सीएचं सर्टिफिकेट हा तिचा कणा. आमच्या सीएने मध्य प्रदेशातला खर्च आणि पुण्यातला खर्च वेगळा केला, जीएसटी वजा करून (क्रेडिट घेतलेलं असताना तोच पैसा पुन्हा मागता येत नाही), खर्चाच्या प्रत्येक हेडला बँक स्टेटमेंटचा पान नंबर लावून. सर्टिफिकेटवर यूडीआयएन, म्हणजे ते सर्टिफिकेट खरं आहे हे तपासता येईल असा नंबर, हवाच, त्याशिवाय सीएची सही म्हणजे नुसती सही. सगळं स्कॅन करून अपलोड केलंच, शिवाय एक कागदी फाइल बांधून सकाळच्या वंदे भारतने भोपाळला नेऊन दिली. गरज होती का माहीत नाही पण पोचपावतीवर शिक्का बघून माझं मन शांत झालं.

मग वाट. हा भाग सांगायला काहीच नाही आणि सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. नातेवाइकांचं व्याज चालू, भाऊ दुसऱ्या कामात, फोन मीच करायचे. ज्यांच्याशी बोलायचे ते बाबूजी सभ्य होते, 'मॅडम, कमिटी में लगेगा' एवढंच सांगायचे. मधूनच क्वेरी यायच्या. एकदा विचारलं की अमुक दिवशी डीपीआरमध्ये लोकेशन महेश्वर आहे आणि त्याच दिवशी इंदूरच्या हॉटेलचं बिल कसं? कारण युनिट दोन गट करून राहत होतं, एक गट इंदूरला सेट लावत होता. आर्टवाल्यांच्या हजेरीपत्रकाची प्रत पाठवली, सुटलं. हेडबाईगिरी कामी आली. क्वेरीला लगेच आणि मागितलं तेवढंच उत्तर द्या, चार पानी कैफियत लिहू नका.

2025च्या फेब्रुवारीत भोपाळच्या इन्व्हेस्टर्स समिटच्या सुमाराला नवी पॉलिसी आली आणि भावाचा फोन, ताई आता फीचर फिल्मला 2 कोटी! वेब सिरीजला दीड कोटी, डॉक्युमेंटरीला 40 लाख, शॉर्ट फिल्मला सुद्धा 15 लाखांपर्यंत. मी म्हटलं बाबा आपल्या परवानगीची तारीख जुन्या पॉलिसीतली आहे, आपला हिशोब जुन्याच आकड्यांनी होणार, आणि तसाही तुझा सिनेमा 2 कोटीच्या मर्यादेपर्यंत पोचायला अजून काही जन्म आहेत. पण शॉर्ट फिल्म आणि डॉक्युमेंटरी करणाऱ्या इंदूरच्या पोरांनी ही नवी पॉलिसी नीट वाचावी. मला वाटतं खरा उपयोग त्यांनाच आहे. मोठ्या निर्मात्यांकडे असल्या कागदांसाठी माणसं असतात.

दिवाळी 2025च्या आधी मंजुरीचं पत्र आलं. आम्ही मागितले होते साधारण 20 लाख, मंजूर झाले 16च्या आसपास. जनरेटर गेला, काही टॅक्सीच्या पावत्या गेल्या ज्यांच्यावर गाडीचा नंबर नव्हता, आणि पुण्यातून भाड्याने आणलेल्या कॅमेऱ्याचा खर्च मध्य प्रदेशातला धरला नाही. हे शेवटचं मला पटलं. बिल पुण्याच्या माणसाचं, पैसा पुण्यात गेला, राज्याने का द्यावं? कॅमेरा इंदूर-भोपाळला भाड्याने मिळत असेल तर तिथूनच घ्या, नसेल तर तो खर्च मनातून वजा करूनच सबसिडीचा अंदाज बांधा.

पैसे थेट फर्मच्या खात्यात आले, जानेवारी 2026. लगेच नातेवाइकांचे पैसे आणि व्याज चुकतं केलं, आणि तिथेच सगळ्यांना वाटलं संपलं. नाही. राज्य सरकारची अशी सबसिडी आयकरात उत्पन्न धरली जाते, 2015च्या फायनान्स ॲक्टपासून. सरकारकडून आलेली असल्यामुळे तिच्यावर जीएसटी नाही, पण इन्कम टॅक्स आहे. आणि जानेवारीत आलेल्या पैशावरचा ॲडव्हान्स टॅक्स 15 मार्चच्या हप्त्यात भरायचा असतो. पुण्याच्या सहनिर्मात्यांनी उरलेली रक्कम पुढच्या सिनेमात घालायची ठरवून टाकली होती, त्यांना फोन करून आधी टॅक्सचे बाजूला काढायला लावले. थोडे चिडले. चलन मीच भरलं आणि प्रत त्यांना पाठवली, पुढच्या सिनेमाची पटकथा त्यांनी मला पाठवलीय, त्यात दोन बैल आहेत.